लिएंडर स्नूकला मिळालेलं एक मत

सेल्बी रायडाउटने हाती घेतलेल्या कामाचा विचका झाला नाही, असं सहसा होत नसे. पण त्याने काम अर्धवट सोडलं, असंही कधी झालं नव्हतं, आणि न्यूफाउंडलंड बेटावरच्या पिंचर्स टिकल गावाला खरी धास्ती होती ती या दुसऱ्या गोष्टीची. सदतीस वर्षं पोस्टमास्तर होता. निवृत्त झाल्यावर त्याने आधी चर्चची घंटा दुरुस्त केली (ती तेव्हापासून वाजत नाही), मग धक्क्यावरच्या होड्यांना क्रमांक दिले (तीन होड्यांना सतरा हाच क्रमांक आहे), आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने रेडिओवर ती घोषणा ऐकली.

टोरांटोचा कुठलासा कार्यक्रम होता. देशभरातून लोकांचं मत मागवत होते: तुमचा सर्वांत आवडता कॅनेडियन गायक कोण? एका गावातून किमान साठ चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकाच गायकाच्या नावावर पडल्या आणि त्या गायकाचं गाणं आजवर कधी ध्वनिमुद्रित झालेलं नसलं, तर रेडिओवाले यंत्र घेऊन स्वतः त्या गावात येणार होते.

सेल्बीने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"डल्सी," तो बायकोला म्हणाला, "लिएंडरचं काम झालं."

लिएंडर स्नूक त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वय चौऱ्याहत्तर. बुडालेल्या जहाजांची, सीलच्या शिकारीला गेलेल्यांची, बर्फात अडकलेल्यांची अशी काही गाणी त्याला येत होती, जी त्याच्या आजोबांनंतर फक्त त्याच्याच गळ्यात उरली होती. कागदावर एकही ओळ नव्हती, आणि नोव्हेंबरअखेरीच्या बोटीने तो आल्बर्टाला, मुलीकडे, कायमचा राहायला चालला होता. सेल्बी महिनाभर याच चिंतेत होता. दोस्त जाणार हे दुःख होतंच, पण दोस्ताबरोबर ती गाणीही कुठल्याशा परक्या बंगल्याच्या तळघरात मुकी होऊन मरणार, हे त्याला सहन होत नव्हतं.

"तू करशील रे," डल्सी म्हणाली, "पण आधी मागच्या अंगणातल्या त्या फळ्या उचल. नऊ वर्षं झाली."

फळ्या तशाच ठेवून सेल्बीने टोरांटोहून चिठ्ठ्या मागवल्या. चिठ्ठ्यांबरोबर चार पानी सूचनापत्रक आलं. दुसऱ्या कोणी ते चुलीत घातलं असतं. सेल्बीने ते दोनदा वाचून तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. मोजणी करणाऱ्याने स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. घराच्या दर्शनी दारी जाऊन स्वतःची ओळख करून द्यावी. मतदारास कोणतेही नाव सुचवू नये. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी मतदाराने 'मी कॅनडाचा नागरिक आहे' या वाक्याखाली सही करावी.

परवानगीसाठी तो ग्रामपरिषदेच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे व्हर्ना बजेल. ती मंगळवारी आणि गुरुवारी भेटते.

"सेल्बीकाका, घरोघरी विचारपूस करायला ठराव लागतो," व्हर्ना म्हणाली.

"अगं, मी रोज घरोघरी जाऊन विचारपूसच करतो."

"ती कागदाशिवाय. कागद घेऊन गेलात की ठराव. आणि ठरावाला तीन सभासद लागतात. एक मूसच्या शिकारीला गेलाय, दुसरा त्याला शोधायला गेलाय."

"आणि तिसरा?"

"तिसरी मी. पण मी एकटी म्हणजे सभा नव्हे."

सेल्बी हटला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गमबूट चढवून तो जंगलात चार मैल चालत गेला आणि दोन्ही सभासदांना एका ओंडक्यावर बसवून त्यांच्या सह्या घेऊन आला. त्याच्या चाहुलीने मूस, म्हणजे घोड्याएवढं ते हरीण, पळालं ते पळालंच. ते दोघे सभासद अजून त्याच्याशी बोलत नाहीत. ठराव मात्र रीतसर मंजूर झाला.

खरा घोटाळा दर्शनी दारांनी केला. पिंचर्स टिकलमधल्या घरांना पुढचं दार असतं ते घराची पुढची बाजू कुठली हे कळावं म्हणून. त्याला पायऱ्या नसतात. दार जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लटकलेलं असतं आणि ते उघडतं फक्त शवपेटी बाहेर काढायला, चार माणसं खाली हात वर करून उभी राहिली की. जिवंत माणूस मागच्या दाराने, न ठोठावता, सरळ स्वयंपाकघरात येतो. ठोठावतात ते पोलीस आणि पाद्री, आणि दोघेही चांगली बातमी आणत नाहीत.

हे सगळं सेल्बीला जन्मापासून ठाऊक होतं. पण सूचनापत्रकात दर्शनी दार लिहिलं होतं. तो कोट-टाय घालून, हातात लांब झाडूचा दांडा घेऊन पहिल्या घरासमोर उभा राहिला आणि दांड्याने दार ठोकलं.

आत काहीतरी फुटलं. मग एक बाई रडू लागली. त्या घरचा मुलगा मासेमारीला गेला होता. पाच मिनिटांनी खिडकी उघडून तिने खाली पाहिलं आणि टायमधला सेल्बी दिसल्यावर तिचं रडणं थांबून जे सुरू झालं, ते सेल्बीच्या सात पिढ्यांनी ऐकलं असेल.

"मी फक्त आवडता गायक विचारायला आलो होतो," सेल्बी खालून म्हणाला.

"मेल्या, मागून ये!"

तिसऱ्या घरापर्यंत गावात बातमी पसरली की कोणीतरी गेलं आहे. सहाव्या घरी त्याच्यासाठी सांत्वनाचा केक तयार होता. सातव्या घरापासून सेल्बीने सूचनापत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि मागच्या दाराने जायला सुरुवात केली. पण मागच्या दाराने गेलेल्या माणसाला तसंच कोण सोडतो? एका मतामागे दोन कप चहा, काकवीत बुडवलेले दोन टाउटन, म्हणजे तळलेल्या पिठाच्या जाड चकत्या, आणि यजमानाच्या गुडघेदुखीचा समग्र इतिहास. दिवसाला चार मतांच्या वर मजल जाईना. अकराव्या दिवशी सेल्बीच्या कोटाची बटणं लागेनाशी झाली.

शिवाय प्रत्येकाला मत देण्याआधी इतरांनी कोणाला दिलं हे हवं असायचं. कोणाचं मन दुखवू नये, एवढाच शुद्ध हेतू.

"तू सांग ना बाबा, कोणाचं नाव घालू?"

"मला सुचवता येत नाही. नियम आहे."

"नियम म्हणे! मी तुझ्या पोराला दूध पाजलंय."

"सूचनापत्रकात दुधाचा उल्लेख नाही," सेल्बी म्हणायचा आणि सभ्यपणे छताकडे पाहत राहायचा. मनातून तो निश्चिंत होता. लिएंडरशिवाय दुसरं नाव लिहील कोण? या गावात असं एकही लग्न, एकही तेरवं-बारसं झालं नव्हतं, जिथे लिएंडर चुलीजवळच्या खुर्चीत बसून डोळे मिटून गायला नव्हता. त्याचं गाणं ऐकून रडला नाही असा माणूस गावात नव्हता, अगदी पोलीससुद्धा एकदा रडला होता. चौसष्ट चिठ्ठ्या जमल्यावर, सह्या मागाहून घेता येतील म्हणत, सेल्बीने त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतल्या आणि डल्सीला समोर बसवून मोजायला घेतल्या.

रोझलिंड कारमायकल, टोरांटो: एकेचाळीस. टीव्हीवर नाताळात गाणाऱ्या त्या चकचकीत बाईचं गाणं गावात कोणी पुरतं ऐकलेलं नव्हतं. इतर फुटकळ मुख्य भूमीवाले: एकवीस. 'एकही नाही, आणि यापुढेही होणार नाही': एक. आणि लिएंडर स्नूक: एक. ती चिठ्ठी सेल्बीच्या स्वतःच्या अक्षरात होती.

सेल्बीने पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. कारमायकलच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी डल्सीची निघाली.

"तूसुद्धा?"

"तू कॅनेडियन गायक विचारलंस ना?" डल्सी म्हणाली. "मग मी कॅनेडियनच लिहिणार. लिएंडर कुठे कॅनडाचा आहे? तो आपला आहे."

सेल्बीने कपाळावर हात मारला. न्यूफाउंडलंड कॅनडात गेल्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. पण पिंचर्स टिकलमध्ये आजही लोक 'कॅनडात नोकरीला गेला' असं म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज किंचित खाली आणतात. गावाने अगदी प्रामाणिकपणे, परीक्षेत लिहावं तसं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

दुसरा कोणी इथे थांबला असता. सेल्बीने टोरांटोला फोन लावला. दोनदा कचेरी बंद निघाली, कारण तिथलं घड्याळ दीड तास मागे चालतं, आणि सेल्बीच्या मते हा निव्वळ आळशीपणा होता. तिसऱ्यांदा एक गोड आवाजाची बाई मिळाली.

"चिठ्ठ्या अजून पाठवल्या नसतील तर नवीन भरून घेता येतील, सर. नाव सुचवू नका. पण पात्रता समजावून सांगू शकता. न्यूफाउंडलंडचे गायकही कॅनेडियनच असतात, एवढं सांगा."

"हे मी त्यांच्या तोंडावर सांगू?"

"का सर? तसंच आहे ना?"

"बाई, तुम्ही इथे कधी आला नाहीत, हे तुमच्या आवाजातच कळतं," सेल्बी म्हणाला आणि नव्या चिठ्ठ्या मागवून फोन ठेवला.

त्याने ते सांगितलंही. सगळ्या स्वयंपाकघरांत पुन्हा जाऊन, पुन्हा तेवढाच चहा पिऊन, कागद वाचल्यासारखं एका दमात सांगितलं: "न्यूफाउंडलंडचा गायक कॅनेडियन धरला जाईल." कोणी त्याला दाराबाहेर काढलं, कोणी चहात दूध घातलं नाही, आणि नव्या चिठ्ठीवर सही एकानेही केली नाही. एका म्हातारीने विचारलं, "तुझी आई आज असती तर हे बोलला असतास का रे?" आणि अझराया टिबोच्या घरी तर त्याला बसायलाही सांगितलं नाही.

अझरायाकाका म्हणजे गावातलं सर्वांत जुनं खोड. वय चौऱ्याऐंशी. दर एक एप्रिलला, न्यूफाउंडलंड कॅनडात गेलं त्या दिवशी, आपल्या अंगणातला झेंडा ते अर्ध्यावर उतरवतात. 'एकही नाही, आणि यापुढेही होणार नाही' ही चिठ्ठी कोणाची, हे वेगळं सांगायला नको.

"मी रात्री झोपलो तेव्हा न्यूफाउंडलंडचा होतो," काका म्हणाले, "सकाळी उठलो तो कॅनडाचा. झोपलेल्या माणसाचे खिसे मारतात, माझा तर देशच मारला! आणि तू म्हणतोस खाली सही कर? मी कॅनडाचा नागरिक आहे म्हणून?"

"लिएंडरसाठी, काका."

"लिएंडरला विचारलंस?"

सेल्बीने चिठ्ठी परत खिशात घातली. त्याने लिएंडरला विचारलं नव्हतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्याच्याशी या विषयावर तो एक अक्षर बोलला नव्हता. अचानक आनंद द्यायचा होता ना!

आनंदाची बातमी लिएंडरला आधीच पोचली होती. तो घरात अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये बसला होता. सेल्बी मागच्या दाराने आत शिरला तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"घरोघर सांगत फिरतोयस म्हणे," लिएंडर म्हणाला, "की लिएंडर स्नूक कॅनडाचा आहे."

"अरे, तो नुसता नियम आहे. कागदापुरता."

"पुढच्या शुक्रवारी सकाळच्या बोटीने मी तिकडेच चाललोय सेल्बी. कायमचा. मेल्यावर पुरतीलही तिथेच. तोवरचे बारा दिवस तरी मला इथला राहू द्यायचं होतंस." त्याने एका खोक्याची दोरी आवळली. "मी गाणार नाही. यंत्र येवो की यंत्राचा बाप येवो."

सेल्बी आल्या पावली मागे फिरला. सदतीस वर्षांत लोकांची हजारो वाईट पत्रं त्याने हाताने पोचवली होती, पण लिहिणारा तो नव्हता. या खेपेला होता. तो घरी आला आणि मागच्या अंगणातल्या फळ्यांवर जाऊन बसला. डल्सी बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, आणि टोमणा मारायचं तिने त्या दिवसापुरतं रहित केलं.

"सोडून देशील?" तिने विचारलं.

"नाही," सेल्बी म्हणाला. "त्याने गायलं नाही तरी चालेल. पण गाव त्याला काय समजतं, हे त्याला कळल्याशिवाय तो बोटीत पाय ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सेल्बी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पुन्हा लिएंडरच्या स्वयंपाकघरात गेला. बरोबर डल्सी होती, व्हर्ना होती, आणि काय गंमत होते ते बघायला निम्मं गाव होतं. खोक्यांवर, बाकावर, जिन्यावर माणसं बसली. लिएंडरने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"लिएंडर," सेल्बी उभा राहून म्हणाला, "तुला कॅनडाचा म्हटलं, माझं चुकलं. तुला काहीच व्हायचं नाहीये. मी सूचनापत्रक सहा वेळा वाचलंय. गायकाने सही करावी असं त्यात कुठेही नाही. नागरिक असायचं ते मत देणाऱ्याने. तू आहेस तसा राहा. कॅनडाचं व्हायचं असेल ते आम्ही होतो." आणि चिठ्ठीवर लिएंडरचं नाव घालून त्याने खाली सही ठोकली.

सही करणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्यासारखं होतं. सगळ्यांनी अझरायाकाकांकडे पाहिलं. काका काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते उठले, टेबलापाशी आले.

"पेन दे."

"काका, तुम्ही?"

"हा कागद मी पहिल्यांदा भरत नाहीये," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "अठ्ठेचाळीस सालच्या मतदानात मी कॅनडाला 'हो' म्हटलं होतं. सहा पोरं होती घरात, दोघांना बूट नव्हते. कॅनडा पोरामागे काहीतरी देणार होता. घरी येऊन बायकोलासुद्धा सांगितलं नाही. झेंडा अर्ध्यावर उतरवतो तो त्याचीच लाज वाटते म्हणून."

मग जिन्यावरून एका म्हातारीचा आवाज आला, "मीपण 'हो'च दिलं होतं. पेन्शन मिळणार होती ना आईला."

"आमच्या बाबांनीही. मरताना सांगितलं त्यांनी."

"मीही."

एकेक जण उठू लागला. सत्तेचाळीस वर्षं ज्या गावात 'हो' म्हणणारा औषधाला सापडत नव्हता, तिथे आता टेबलापाशी रांग लागली. लोक सही करत होते, नाक पुसत होते आणि एकमेकांना पेन द्यायला दटावत होते. व्हर्ना तर रांगेत उभी राहून हुंदके देत होती. अठ्ठेचाळीस साली तिचा जन्मही झाला नव्हता.

"अरे, मग विरोधात मत दिलं तरी कोणी?" अझरायाकाका चिडून म्हणाले. "या गावातलं एक तरी मत होतं की नाही?"

"होतं," खिडकीपासून लिएंडर म्हणाला. "माझं."

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. लिएंडर एकेकाचा चेहरा बघत राहिला, अझरायाकाकांचा, डल्सीचा, जिन्यावरच्या म्हातारीचा. तो आता ओरडणार की रडणार हे सेल्बीला कळेना.

लिएंडर हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तो खुर्चीचा हात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"एवढी वर्षं," तो म्हणाला, "मला वाटायचं, आपण सगळे मिळून हरलो. मी एकटाच हरलो होतो! आणि तुम्ही सगळे लबाड माझ्याबरोबर बसून रडत होतात!"

"तुझं गाणं ऐकून रडत होतो रे," अझरायाकाका म्हणाले. "ते खोटं नव्हतं."

लिएंडरने डोळे पुसले. मग सेल्बीकडे वळून म्हणाला, "बोलव तुझ्या यंत्रवाल्यांना. त्यांना सांग, गाणी त्रेपन्न आहेत, तेवढी फीत आणा. आणि कोणीतरी चहा ठेवा, किटली अजून खोक्यात गेली नाही."

साठाच्या जागी एकाहत्तर चिठ्ठ्या झाल्या, एकाहत्तरही लिएंडरच्या नावावर. व्हर्नाच्या कचेरीतल्या फॅक्सचा कागद चाळिसाव्या चिठ्ठीला संपला. नवीन कागद मागवायला ठराव लागत होता, तेव्हा सेल्बीने उरलेल्या चिठ्ठ्या टोरांटोला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवल्या, सह्यांच्या वळणांसकट, पावणेदोन तास. गोड आवाजाच्या बाईने शेवटी "सर, आम्ही येतोच" असं सांगून फोन ठेवला. सेल्बीच्या मते तिला रडू आलं होतं. डल्सीच्या मते ती कंटाळली होती.

बोटीच्या आधी चार दिवस रेडिओची एक तरुण मुलगी दोन पेट्या घेऊन आली. तिने आधी पुढच्या दाराशी उभं राहून हाका मारल्या, मग तिला मागून आत आणण्यात आलं आणि टाउटन खाऊ घालण्यात आले. स्वयंपाकघरात पुन्हा गाव जमलं होतं. लिएंडर रिकाम्या झालेल्या घरात चुलीजवळच्या एकुलत्या उरलेल्या खुर्चीत बसला. मुलीने यंत्र सुरू केलं आणि मायक्रोफोन त्याच्यापुढे धरला.

"सुरुवातीला ओळख सांगा हं, काका. आमच्या नोंदीसाठी. नाव, गाव आणि देश."

अझरायाकाकांनी नजर काठीकडे नेली. सेल्बीने खिशातलं सूचनापत्रक चाचपलं. नोंदीचं हे कलम त्या चार पानांत नव्हतं.

"लिएंडर स्नूक," लिएंडर म्हणाला. "पिंचर्स टिकल." मग त्याने खोक्यांवर, जिन्यावर, दारात दाटून बसलेल्या गावाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"आणि देशाचं या मंडळींना विचार, बाळ," तो म्हणाला. "सह्या त्यांनी केल्यात."

आणि डोळे मिटून त्याने पहिलं गाणं सुरू केलं.